पाणी मागायचा नियम

धायरी, पुणे
३ नोव्हेंबर २०२४

चि. आम्रपाली,

पोचलीस, खोली मिळाली, डासांची जाळी मिळाली, एवढं फोनवर कळलं. त्यापलीकडे काही कळलं नाही, कारण फोनवर तू ‘हो काका’ म्हणतेस आणि सुटतेस. म्हणून आजपासून पत्र. मी कागदावर लिहीन, तुझी श्यामलाकाकू त्याचा फोटो काढून पाठवेल. तू टाइप केलंस तरी चालेल, पण पत्रासारखं लिही. शुभंकरच्या अहवालासारखं नको. आपले हे तरुण विश्वस्त डॉक्टर आहेत, हुशार आहेत, पण त्यांचं लिखाण वाचताना भातात खडे लागल्यासारखं होतं.

परवाच्या बैठकीत सगळे खुशीत होते. आपल्या ‘उंबरा’ संस्थेचं काम पहिल्यांदा वाघोलीला न्यायचं म्हटलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती, ‘एवढ्या लांब कोण बघणार?’ म्हणून. आता थेट आफ्रिकेत, मलावीला. बुधवार पेठेतल्या चहाच्या दुकानात तुझी आई आणि मी बसलो होतो, कुकरच्या रबरी रिंगा विकणारा एक माणूस आणि दवाखान्यातली एक आया. राधाबाई म्हणाल्या, ‘साहेब, आजारी बाई दवाखान्यात येत नाही हो. दवाखान्यानंच तिचा उंबरा ओलांडायला पाहिजे.’ तिथून हे सगळं. त्या आज असत्या तर लेकीला विमानतळावर सोडायला आल्या असत्या आणि तिथल्या झाडूवालीचा रक्तदाब तपासून परतल्या असत्या.

२ डिसेंबरला तू तयार केलेल्या बारा आरोग्यताई पहिल्यांदा घरोघर निघणार. तिथल्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांची सही तेवढी राहिलीय, ती शुभंकर बघतो आहे. मला काळजी एकाच गोष्टीची. फोनवर मी विचारलं, ‘पाणी मागायला शिकवलंस ना?’ तू ‘हो काका’ म्हणालीस, पण त्याआधी एक श्वास घेतलास. अख्खं आयुष्य कुकरच्या रिंगा करण्यात गेलं माझं. वाफ कुठून निसटते ते मी कानाने ओळखतो.

श्वास कशाचा होता?

तुझा,
दिगंबरकाका

•

मलावी, तळ्याकाठ
८ नोव्हेंबर

आदरणीय काका,
जय भीम.

श्वास ऐकलात, आता त्याच्यामागचं ऐका.

तळं म्हणतात, पण मला अजून त्याचा पलीकडचा काठ दिसलेला नाही. गाव त्याला लागून. मातीची घरं, गवताची छपरं, अंगणं आपल्या सोसायट्यांपेक्षा स्वच्छ. बारा जणींमध्ये सगळ्यात मोठ्या एस्नाथबाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. इंग्रजी उत्तम. माझं बोलणं त्याच बाकीच्यांना गावच्या भाषेत सांगतात, आणि मध्ये स्वतःचंही घालतात असा मला संशय आहे, कारण माझी दोन वाक्यं झाली की त्यांची सात होतात आणि सगळ्या हसतात.

पहिल्या दिवशी मी आपला नियम सांगितला. कुठल्याही घरात गेलं की आधी पाणी मागायचं, त्या घरच्या भांड्यातून प्यायचं आणि मगच आजाराचं विचारायचं. एस्नाथबाईंनी भाषांतर केलं. मग हशा. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, ‘इथे पाणी मागत नाहीत. आल्याबरोबर देतात. तू मागितलंस तर त्या बाईला वाटेल, आपण रीत विसरलो.’

हे निभावता येईल. दुसरं नाही निभावणार. गावातला बोअरचा हातपंप बंद पडलाय. बायका तळ्याचं पाणी भरतात, तिथेच कपडे, तिथेच गुरं. या महिन्यात पाऊस लागतो आणि पावसाबरोबर कॉलरा येतो. इथे लोक त्याबद्दल आपण डेंग्यूबद्दल बोलतो तसं बोलतात, दर वर्षीचा पाहुणा. ताई दिवसाला आठ घरी जाणार, म्हणजे आठ घरचं पाणी पिणार. उकळा म्हणून सांगता येतं, पण सरपण चार मैलांवरून डोक्यावर येतं. ते भाकरीच्या ऐवजी पाण्याला कोण जाळेल? (भाकरी नाही, इथे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा करतात. पण तुम्हाला कळलं.)

काका, हा नियम इथे बाजूला ठेवू द्या. मी आईची मुलगी आहे, सहज म्हणत नाहीये.

आपली,
आम्रपाली

•

धायरी
१२ नोव्हेंबर

चि. आम्रपाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा डोळ्यांनी, एकदा काकूकडून मोठ्याने वाचून घेऊन. दुसऱ्यांदा वाचताना त्यात मला आणखी एक आवाज ऐकू आला. शुभंकरचा. मागच्याच बैठकीत तो म्हणाला होता, ‘काका, पाण्यात दर घरी पाच-सहा मिनिटं जातात. एफिशियन्सीच्या दृष्टीने बघायला हवं.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, तुम्ही लग्नाला जाता तेव्हा जेवणात किती मिनिटं जातात ते बघता का?’ आता त्याने तुला पुढे केलंय का?

तुला गोष्ट माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण तू ती पाठ केली आहेस आणि पाठ केलेलं माणूस ऐकत नाही. माझ्या वर्कशॉपमागची गल्ली. राधाबाई एका घरी बाळाच्या लसीचं सांगायला गेल्या. घरच्या बाईने दाराबाहेर गोणपाट टाकलं, ‘इथं बसा.’ राधाबाई बसल्या आणि म्हणाल्या, ‘पाणी द्या हो ताई.’ बाईने वरून ओंजळीत ओतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या, पुन्हा मागितलं. पुन्हा ओंजळ. असं करत करत एक दिवस पेला आला. आणि पेला हातात दिला त्याच दिवशी ती बाई हळूच म्हणाली, ‘माझं रक्त थांबत नाही, किती महिने झाले.’ ऑपरेशन झालं, वाचली. पेला आला नसता तर ते वाक्य आलं नसतं. हा नियम मी नाही केला, त्या गल्लीने केला.

आणि ‘पाणी खराब आहे’ हे तू मला सांगतेस? तू? ‘तिकडचं पाणी नको बाई, पोट बिघडतं’ असं गोड बोलून किती पिढ्यांनी कुणाच्या घरचं पाणी टाळलं, हे मी तुला शिकवावं का? शिकलेल्या माणसाला नकार देण्यासाठी जंतू सापडतात. बिनशिकलेल्याला ते लागत नाहीत, एवढाच फरक.

पंपाचं तिथलं सरकार बघेल. आपण पंपवाले नाही, घरात जाणारी माणसं आहोत. पाणी उकळायला शिकवा आणि मग प्या. पण प्या.

तुला अवघड जात असेल म्हणून मीच सोपं केलंय. काल दिवाणखान्यात बसून एक छोटी फिल्म केली. काकूने मोबाईल धरला. मी हात जोडतो, पाणी मागतो, पितो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगतो: घरचं पाणी प्या, तर घर तुमचं. एस्नाथबाईंचा नंबर कागदपत्रांत होता, त्यांना थेट पाठवली. त्यांचं उत्तरही आलं. ‘यस सर, वी विल डू.’ बघ. त्यांना कळलं.

तुझा,
दिगंबरकाका

•

मलावी
२४ नोव्हेंबर

आदरणीय काका,
जय भीम.

पाऊस लागला. रस्ते चिखलाचे झाले आहेत. मंगळवारी सरावाची फेरी घेतली. फेरी नियमाप्रमाणे झाली. बायका उत्साहाने काम करत आहेत. उद्घाटनाची तयारी चालू आहे. बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

आपली,
आम्रपाली

•

धायरी
२६ नोव्हेंबर

आम्रपाली,

‘काळजी नसावी’? हे कोण लिहितं आता? बँका लिहितात. तू चौथीत असताना मला पत्र लिहिलं होतंस, ‘काका, आई चिडलीय, लवकर या आणि येताना भेळ आणा.’ त्या मुलीने ‘बाकी सर्व ठीक’ लिहिलं की ठीक काय राहिलं असेल ते मला कळतं.

तीन दिवस फोन उचलत नाहीस. ‘नेटवर्क नाही’ असा मेसेज मात्र नेटवर्कवरून येतो.

तुझं पत्र मी काकूला वाचून दाखवलं. म्हटलं, यात एक शब्द बाकीच्यांपेक्षा जड पडलाय. ‘नियमाप्रमाणे.’ विचारल्याशिवाय दिलेली साक्ष आहे ही. माझ्याकडे कामाला माणसं होती, त्यांतला एखादा आल्या आल्या ‘साहेब, मशीन बंद केली हां’ म्हणाला की मी आधी मशीन बघायला जायचो. तेव्हा स्पष्टच लिहितो. बायकांनी पाणी प्यायलं नाही. तू पिऊ दिलं नाहीस. मला सरळ सांगायचं धैर्य नाही म्हणून ‘नियमाप्रमाणे’ असं लिहून म्हाताऱ्याला खूश ठेवलंस.

मला खूश ठेवू नकोस. ३० तारखेला विश्वस्तांची बैठक आहे. शुभंकर म्हणतो, अधिकाऱ्यांची सही आज-उद्या होईल, सोमवारी फेरी निघायलाच हवी. मी तिथे जाऊन सगळ्यांसमोर सांगणार की मलावीतलं काम आपल्या पद्धतीने चालू आहे. ते खरं असेल तरच सांगणार. खोटं असेल तर मी हे काम थांबवीन. राधाबाईंच्या नावाने चालणाऱ्या कामात राधाबाईंचाच नियम मोडून दुसऱ्या देशात पाटी लावायची असेल, तर पाटीवर दुसरं नाव घाला.

त्या दिवशी प्यायलं की नाही प्यायलं? एका शब्दात उत्तर दे.

दिगंबर

•

मलावी
२८ नोव्हेंबर

काका,

प्यायलं.

एस्नाथबाईंनी प्यायलं. शुक्रवारपासून त्या कॉलराच्या तंबूत आहेत. दोन्ही हातांना सलाईन आहे. डोळे खोल गेलेत, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. मंगळवार ते शुक्रवार, मध्ये एवढंच अंतर. मी हे तंबूबाहेर बसून लिहिते आहे. आत कोणाला जास्त वेळ थांबू देत नाहीत.

तुम्ही बरोबर ऐकलंत, मी लपवत होते. पण जे लपवत होते ते उलटं होतं.

तुमची फिल्म बाराही जणींनी पाहिली. त्याआधी मी त्यांना सांगितलं होतं की नियमाचं पुण्याला विचारलंय, उत्तर येईपर्यंत पाणी नका घेऊ. मग तुमचं उत्तर आलं, माझ्याकडे नाही, थेट त्यांच्याकडे. एस्नाथबाई म्हणाल्या, ‘तुमचे मोठे साहेब स्वतः सांगतात. इतका वयस्क माणूस हात जोडतो, त्याला नाही कसं म्हणायचं?’ मी तिथेच म्हणायला हवं होतं की मी नाही म्हणते. पण मी ते म्हटलं नाही.

मंगळवारी मी त्यांच्याबरोबर होते. पाचव्या घरातली बाई तरुण, मूल पाठीशी बांधलेलं. मूल मलूल होतं. तिने पाणी दिलं, गढूळ. तिला ते दिसत होतं, ती खाली बघत होती. एस्नाथबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पेला घेतला आणि पूर्ण प्यायल्या, तुमच्यासारख्याच, मान मागे टाकून. त्या बाईचा चेहरा खुलला. काका, तुमचं म्हणणं खोटं नाही. ती लगेच बोलायला लागली, मुलाला सकाळपासून जुलाब होताहेत म्हणाली. पेला आला आणि वाक्य आलं. फक्त दोन्ही एकाच पाण्यातून आले.

मग तिने दुसरा पेला भरून माझ्यापुढे धरला.

माझ्या पिशवीत माझी बाटली होती. शुद्ध केलेल्या पाण्याची. पहिल्या दिवसापासून असते. मी हसले, बाटली दाखवली, म्हटलं, ‘माझं आहे.’ तिने पेला मागे घेतला. परतताना चिखलातून चालताना एस्नाथबाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘तुमच्याकडची माणसं आमच्या हातचं पीत नाहीत का? मी पुस्तकात वाचलं होतं की भारतात काही जणांचं असं असतं.’

राधाबाईंच्या मुलीला हे विचारलं त्यांनी. मी काय सांगणार होते? की ते ज्यांच्या हातचं पीत नसत, ती माणसं आम्ही? मी तशीच पुढे चालत राहिले. त्यांना वाटलं असेल, खरं आहे म्हणून गप्प आहे. म्हणून तुम्हाला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. आजाराचंही लपवलं, पण त्याहून जास्त बाटलीचं.

आईच्या गल्लीत पाणी सगळ्यांकडे महापालिकेच्या एकाच नळाचं होतं. फरक हाताचा होता. इथे हाताला कोणी काही म्हणत नाही, पाणीच मारतं. हे मला आठ तारखेला असं लिहिता आलं नाही. तुम्ही पाठ केलेलं म्हणालात. तुम्हालाही ती गोष्ट पाठच झालीय, काका. आणि तुमच्या फिल्ममधला पेला काकूंच्या फिल्टरमधून भरलेला होता, मागे ओट्यावर तो दिसतो.

मूल वाचलं. त्या वाक्यामुळे वेळेत आणता आलं. एस्नाथबाईंचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. वय आडवं येतंय म्हणतात, किडनीचं बघायला लागेल.

सोमवारचं काय करायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.

आम्रपाली

•

धायरी
१ डिसेंबर

आम्रपाली,

आधी एस्नाथबाई. काल दोनदा फोन केला. ‘अजून सांगता येत नाही, बाहेर आले की लिहिते,’ असा तुझा मेसेज आला. लिहीपर्यंत फोन करत नाही. तंबूजवळ तुझ्या हातात फोन नसलेलाच बरा.

उद्याची फेरी निघणार नाही. काल बैठकीत सांगितलं.

तुझं पत्र मी बैठकीत स्वतः वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. बाटलीचं तेवढं गाळलं. ते तुझं आहे, तुला वाटेल तिथे तू बोल. वाचून झाल्यावर शुभंकर म्हणाला, ‘काका, आय अंडरस्टँड, पण आपल्या फेरीमुळेच इन्फेक्शन झालं हे प्रूव्ह होत नाही. त्या गावातच राहतात त्या. घरीही झालं असेल. आत्ता आपण हे अधिकाऱ्यांना कळवलं तर सही गेली, दोन वर्षांचं काम गेलं.’

खोटं नव्हतं त्याचं. म्हणून जास्त राग आला. म्हटलं, ‘डॉक्टर, सिद्ध होत नाही हे मला झोप लागण्यासाठी सांगताय की त्या बाईंना उठून बसण्यासाठी?’ दत्तप्रसाद आपला खजिनदार, तो सहसा चहा येईपर्यंत बोलत नाही, तोही म्हणाला, ‘दिगंबरराव, फिल्म आपण आम्हाला न विचारता पाठवलीत की.’ खरंच. कुणाला विचारलं होतं? अधिकाऱ्यांना मी रात्रीच सगळं कळवलंय, माझ्या सहीने: सूचना मी दिली, संस्थेच्या तिथल्या प्रमुखांनी लेखी विरोध केला होता. सही गेली तर जाऊ दे.

हे झालं. आता जे लिहितोय ते लिहायला मला सकाळपासून जमलेलं नाही.

बैठकीनंतर मला वाटलं, पुण्यातल्या तायांना तरी तोंडाने सांगावं. वाघोलीच्या केंद्रावर गेलो. पंधरा-वीस जणी होत्या. मी म्हटलं, ‘बायांनो, आपला पाण्याचा नियम परदेशात एका बाईच्या जिवावर बेतलाय. इथेही आपण विचार करायला हवा. तुम्ही रोज घरोघरचं पाणी पिता...’

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तुला ती कादंबरी आठवते, उंच, पुढचा दात अर्धा? ती म्हणाली, ‘काका, बोलू का?’

‘बोल की.’

‘आम्ही नाही पीत.’

‘म्हणजे?’

‘कधीच बंद झालंय ते. करोनात तर कोण कुणाच्या घरी पितंय. त्याच्याआधीपासूनच, खरं सांगायचं तर. आता घरात गेलो की विचारतात, ताई, थंड काय घेणार? फ्रीज उघडून दाखवतात. पाणी मागितलं तर बायांना वाटतं, आम्ही गरिबी काढतोय त्यांची. आणि जिथं द्यायचं नसतं ना काका, तिथं ते थंडसुद्धा कागदी ग्लासात देतात. फेकून द्यायला बरं. तुमच्या पाण्याला ते कळत नाही.’

‘मग दर महिन्याच्या सभेत मी विचारतो, पाणी मागता ना? तेव्हा सगळ्या ‘हो काका’ म्हणता!’

कादंबरी म्हणाली, ‘तुम्ही किती प्रेमाने विचारता. आणि मग राधाबाईंची गोष्ट सांगता. तुमचे डोळे भरतात. कोण नाही म्हणेल?’

मागून एक म्हणाली, ‘मीटिंगच्या आधी ठरवायचो आम्ही, आज कुणी खरं सांगायचं. मग कुणीच नाही.’ आणि त्या हसल्या, आम्रपाली. वाईट नाही हसल्या. घरातल्या म्हाताऱ्याला त्याच्याच चष्म्यावर बसलेला पाहून हसतात तशा.

मी ऐकणारा माणूस म्हणवतो. श्वास ऐकतो, जड शब्द ऐकतो. आणि वीसजणी दर महिन्याला एका सुरात ‘हो काका’ म्हणत होत्या तो सूर मला गोड लागत होता. पुण्यात कुणी पाळत नव्हतं ते मी समुद्रापलीकडच्या एका बाईला पाळायला लावलं. तिने पाळलं, कारण तिला मला टाळायची सवय नव्हती.

मी केंद्रावरून चालत मोठ्या रस्त्यापर्यंत आलो. रिक्षा थांबल्या, मी बसलो नाही. काकूने घरी विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘तुला माहीत होतं?’ ती म्हणाली, ‘मला थोडंसं.’

यापुढे तिथे काय मागायचं, काय प्यायचं, फेरी कधी काढायची, काढायची की नाही, हे तू आणि त्या बारा जणी ठरवा. मी विचारणार नाही. कळवलंत तर वाचीन.

अकरा जणी लिहिणार होतो. बारा लिहिलं.

दिगंबरकाका

•

मलावी
६ डिसेंबर

आदरणीय काका,
जय भीम.

बाराच.

बुधवारी संध्याकाळी लघवी झाली, मग डॉक्टर पहिल्यांदा हसले. काल सलाईन काढलं. आज उठून बसल्या आणि परिचारिकेला म्हणाल्या, ‘तुझं फळ्यावरचं स्पेलिंग चुकलंय.’ म्हणजे आल्या. किडनीचं अजून दोन महिने बघावं लागेल, आणि चालायला काठी. पण आल्या.

अधिकाऱ्यांनी सही थांबवली आहे, पाऊस संपेपर्यंत. रागावले, खूप रागावले, मग म्हणाले की पत्र मिळालं नसतं तर कायमची थांबवली असती. शुभंकरना सांगा. त्यांच्या अहवालात ‘एप्रिल’ असं लिहून चालेल.

बाकीच्या अकरा जणी परवा माझ्या खोलीत आल्या. फेरी नाही, पण शेजारणी म्हणून जाता येईल, बसून राहणार नाही म्हणाल्या. ठरलं ते असं. घरात गेल्यावर पाणी मागायचं नाही. ते येईलच. आलं की विचारायचं, हे भरायला किती लांब जाता? मग घरातला मोठा हंडाच पुढे घ्यायचा, कापडातून गाळायचं, क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि बसायचं. अर्धा तास लागतो. तोवर बोलायचं. अर्ध्या तासात माणूस काय काय बोलतं! मग सगळ्यांनी एकाच हंड्यातलं प्यायचं, घरच्यांनी, ताईने, मी. पंपासाठी त्या सगळ्या मिळून अधिकाऱ्यांच्या दारात बसणार आहेत. आपण पंपवाले नाही असं मी त्यांना सांगितलं नाही.

काल मी पाचव्या घरी गेले, त्या तरुण बाईकडे. अर्धा तास बसले. बाटली नेली नव्हती. तिने पेला दिला तेव्हा तिचा हात जरा थबकला होता, माझाही. प्यायले.

आता तुमच्या पत्राचं. काका, मलाही माहीत होतं. आई गेल्यावर वर्षभर मी वाघोलीत काम केलं, तेव्हापासून. कादंबरीने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सभेत तुम्ही आईची गोष्ट सांगायचात तेव्हा तेवढा वेळ आई कुणाच्या तरी तोंडून चालत-बोलत यायची. मला ते हवं होतं. त्याची किंमत इथे दुसऱ्याच बाईने मोजली. तुम्ही एकटे बसला नव्हता त्या चष्म्यावर.

एस्नाथबाईंना मी आज सगळं सांगितलं. आधी आईचं: गोणपाट, ओंजळ, आम्ही कोण, आमच्या हातचं कोण पीत नसे, आणि मी बाटली का काढली. त्या खूप वेळ माझा हात धरून होत्या. मग तुमचं सांगितलं, वाघोलीच्या सभेचं. त्या हसायला लागल्या. काका, ताकद नाही अंगात, तरी खाट हलेपर्यंत हसल्या. परिचारिका धावत आली. ‘म्हणजे सगळ्या देशात तो एकटाच पाणी मागत होता?’

मी म्हटलं, त्यांना फार वाईट वाटतंय. यायचं म्हणतील एक दिवस, मी ओळखते त्यांना.

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, ‘ये म्हणावं. रस्ते वाळल्यावर ये. माझ्या घरी उतरायचं. मी देईन तेच प्यायचं, आणि मी थांब म्हटलं की तहान लागली तरी थांबायचं.’

आपली,
आम्रपाली